घासलेली ताटं

हवेची तपासणी करणाऱ्या मॅडम यायच्या दिवशी सरलाबाई सकाळी छतावर चढल्या आणि शेवटच्या पायरीवरच थबकल्या. टाकीजवळ ठेवलेलं त्यांचं स्टीलचं ताट लख्ख चमकत होतं. कोवळ्या उन्हाची तिरीप त्यावरून उडून सरळ त्यांच्या डोळ्यांत येत होती.

"रीना! अवं रीना, वर ये पहिले!"

सून ओल्या हातांनीच धावत आली. "क्या हुआ मम्मी? गिर गए क्या?"

"हे ताट कोनं घासलं?"

"मैंने. नींबू लगाके घिसा. कितना काला हो गया था, छी! मैडम को ऐसा ताट दिखाते क्या?" रीना मराठी घरातलीच, पण रायपुरातच लहानाची मोठी झालेली. ऐकायची मराठीत आणि बोलायची हिंदीत. "आपने ही तो कल बोला, घर-आंगन सब चकाचक करके रखो."

बोलल्या होत्या. नाही म्हणायची सोय नव्हती. सरलाबाई टाकीच्या कठड्यावर मटकन बसल्या.

गोष्ट अशी होती. रायपूरच्या गुढियारी भागातल्या त्या गल्लीच्या मागे, एक भिंत ओलांडली की लोखंडाचा कारखाना लागायचा. सरलाबाई लग्न होऊन वर्ध्याहून इथे आल्या तेव्हा तिथे पेरूची बाग होती. त्यांचे श्यामराव रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपात होते. थंडीच्या दिवसांत ड्यूटीवर निघाले की बागवाला त्यांचा डबा हातातून घेई आणि पेरूंनी भरलेला रुमाल वर ठेवून परत देई. शेजारच्या छत्तीसगढी बायकांनी सरलाबाईंना कोहळ्याच्या वड्या घालायला शिकवलं. रखिया बडी म्हणत त्या ह्या वडीला. पौष लागला की साऱ्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, छतांवर पांढऱ्या वड्यांची चादर अंथरलेली असायची, आणि माकडं हाकलायला बायका वरच बसून गप्पा मारायच्या. एकीची वडी दुसरीच्या छतावर, आणि एकीचं गुपित साऱ्या गल्लीत.

मग बाग तुटली आणि तिच्या जागी चिमणी उभी राहिली. चिमणीला धूळ धरून ठेवणारं यंत्र बसवलेलं होतं, पण ते वीज फार खायचं. म्हणून अंधार पडला की ते बंद व्हायचं आणि उजाडलं की सुरू. तपासायला येणारं माणूस दिवसा यायचं. दिवसा चिमणीतून सोज्वळ पांढरा धूर निघायचा. गल्लीतल्या लोकांनी तक्रारी करून पाहिल्या, पण दाखवायला काही हातात नसायचं.

गेल्या थंडीत शेजारच्या गोदावरीनं हौसेनं वड्या घातल्या आणि संध्याकाळी उचलायला विसरली. सकाळी पाहते तर वड्या मिऱ्यांसारख्या काळ्या. ह्या थंडीत त्याच गोदावरीला चार पायऱ्या चढल्या की धाप लागत होती, आणि डॉक्टरनं दम्याच्या पंपाची बाटली हातात दिली होती. तेव्हा गल्लीत गणिताच्या शिकवण्या घेणारी अपर्णा म्हणाली, "काकू, वड्याच कशाले पाहिजेत? घरोघरी छतावर एकेक स्वच्छ ताट ठेवू. कोनी हात नाही लावायचा. काय साचते ते दाखवू." तिनंच अर्ज लिहिला, तिनंच पाठपुरावा केला. शेवटी प्रदूषण मंडळाच्या शर्मिष्ठा मॅडमचा निरोप आला, की येऊन पाहते. छतांवरची धूळ कारखान्याची वाटली तर हवा मोजायचं यंत्र ह्या गल्लीत बसवीन. नाही तर कारखान्यानं सुचवलं आहे तसं मोठ्या चौकात बसवीन. चौकात ट्रकांची धूळ, भट्ट्यांची धूळ, सगळ्या जगाची धूळ. तिथे कुणाचं पाप कुणाच्या पदरात घालणार?

म्हणजे सगळं त्या ताटांवर होतं. आणि काल संध्याकाळी सरलाबाई घरोघर जाऊन सांगून आल्या होत्या, "उद्या मॅडम येऊन राहिल्या. घरं आवरून ठेवा बायांनो, पाऱ्याचं नाव खराब नको व्हायले." पाहुणा येणार म्हटल्यावर मराठी बाईला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

त्या गोदावरीकडे गेल्या तर तिचं ताट राखेनं घासून भिंतीला टेकून वाळत ठेवलेलं.

"अवो, तुम्हीच तर म्हटलं," गोदावरी धापा टाकत म्हणाली. "मी तर दारात रांगोळी बी काढली."

"तुही रांगोळी काय मॅडमच्या तोंडात घालू?"

"माह्यावर काहून खेकसता? अपर्णाच्या सासूनं तर ताटाले हळद-कुंकू लावलं."

ते खरंच निघालं. अपर्णा रडकुंडीला येऊन दारात उभी होती आणि तिची सासू आतून ऐकवत होती, की लोकांना उष्टं-खरकटं दाखवायची तुमच्याकडे पद्धत असेल, आमच्याकडे नाही. सरलाबाईंनी पुढची दोन-तीन घरं पाहिली. सगळीकडे तीच तऱ्हा. इतकी स्वच्छ छतं त्या गल्लीनं दिवाळीतही पाहिली नसतील.

"कोनाकडेच नाही राहिलं?" अपर्णा म्हणाली. "एक तरी?"

मागोमाग येऊन पोचलेल्या गोदावरीनं आवाज खाली आणला. "मायाचं पायलं का?"

मायाचं घर गल्लीच्या टोकाला, कारखान्याच्या भिंतीला अगदी लागून. तिचा नवरा गौतम त्याच कारखान्यात भट्टीवर होता, तोही ठेकेदारीवर. आज आहे, उद्या नाही, अशी नोकरी. गौतमला न सांगता मायानं ताट ठेवलं होतं ते केवळ सरलाबाईंच्या शब्दावर. "तुह्या घराचं नाव माह्या तोंडून निघनार नाही," असं त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं. गौतमची आई आणि सरलाबाई एका नळावर पाणी भरत म्हाताऱ्या झालेल्या. दिवाळीचा फराळ इकडून तिकडे जायचा आणि भीमजयंतीची खीर तिकडून इकडे यायची. आई गेली तेव्हा गौतम सरलाबाईंच्याच ओट्यावर येऊन बसला होता, आणि त्यांनी त्याला कालवून भात भरवला होता. त्याची भाकर आपल्या हातून जाऊ नये, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

माया दारातच भेटली. आत गौतम रातपाळी करून आला होता आणि गोधडी पांघरून गाढ झोपला होता. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि दोघी दबक्या पावलांनी वर गेल्या.

ताट टाकीच्या मागे, विटांच्या आडोशाला होतं. नवऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून इतकं लपवलं होतं, की घासायचं मायाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. आणि काळं तरी किती! तव्यासारखं. वाऱ्यानं त्यावर बारीक रेघा उमटल्या होत्या.

"काकू, तुम्ही नाव नाही येनार म्हटलं होतं."

"अजून बी तेच म्हनून राहिली. तुह्या छतावर कोनीच येनार नाही. ताट मले दे. मी माह्या छतावर ठेवतो आन् माहंच म्हनून सांगतो."

मायानं क्षणभर खाली पाहिलं, जिथे तिचा नवरा झोपला होता. मग म्हणाली, "घेऊन जा. पन लवकर. हे उठले तर मले काही सुचनार नाही."

फराळाचं ताट नेतात तसं त्यावर दुसरं ताट उपडं घालून सरलाबाई निघाल्या. पानठेल्यावर कारखान्यातला एक सुपरवायझर उभा होता. "क्या ले जा रही हो अम्मा? हमको भी खिलाओ."

"बडी आहे. कच्ची. खाशील तर पोट बिघडन," त्या म्हणाल्या आणि चाल न बदलता पुढे गेल्या. घरी पोचेस्तोवर ब्लाउज घामानं पाठीला चिकटला होता, आणि दिवस तर थंडीचे.

टाकीजवळचं आपलं घासलेलं ताट उचलून त्याच्या जागी हे ठेवून त्यांनी वरचं झाकण अलगद उचललं, आणि तेव्हा त्यांना दिसलं. हलवताना काठाची धूळ थोडी सरकली होती, आणि तिच्याखालून टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं डोकावत होती. '…तम'.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत. आहेराचं भांडं असो की घरचं, कोरल्याशिवाय मांडणीवर चढत नाही. हे ताट गौतमच्या आत्यानं लग्नात दिलेलं. गोल फिरवून 'गौतम–माया रामटेके, मंगल परिणय' असं त्यावर कोरलं होतं. सरलाबाईंनी स्वतःच ते आहेरात पाहिलं होतं आणि नाव सुरेख घातलंय म्हणून वाखाणलंही होतं. धूळ होती तोवर नाव झाकलेलं होतं. धूळ उचलली की नाव उघडं.

हात लावावा तर धूळ जाते, न लावावा तर नाव दिसतं. त्यांनी तो काठ भिंतीच्या बाजूला फिरवला. तेवढ्यात खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

मॅडम वयानं लहान होत्या. सुती कुडता, पायांत साध्या चपला, तोंडाला मास्क. त्यांच्यामागून कारखान्याचा मॅनेजर चढला. पांढराशुभ्र शर्ट, आणि तोंडात साखर. "नमस्ते माताजी, कैसी हैं?" त्यामागून अपर्णा, रीना आणि निम्मी गल्ली जिन्यावर. गोदावरी अर्ध्या जिन्यात थांबून छातीवर हात ठेवून श्वास मोजत होती.

मॅडमनी पहिल्यांदा आजूबाजूच्या छतांवरून नजर फिरवली. उन्हात सगळी ताटं आरशासारखी चमकत होती.

"बाकी की थालियाँ?"

अपर्णानं मान खाली घातली. "धुऊन टाकली, मॅडम. पाहुणे येनार म्हणून."

मॅनेजर मोकळेपणी हसला. "धो दीं! मैडम, पूरे मोहल्ले में एक ही थाली काली है. इनकी छत का आसमान अलग है क्या? चूल्हे की राख डाली होगी."

"चूल तुह्या घरी असन," जिन्यातून गोदावरीचा आवाज आला. "आमच्या इथं गॅस आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून मऊ ब्रश आणि प्लास्टिकची थैली काढली आणि ताटासमोर उकिडव्या बसल्या. ब्रशचा पहिला फटकारा बसला. स्टीलची पांढरी रेघ उघडी पडली. दुसरा. तिसरा. मधोमध धूळ जाड होती, तिथे नाव नव्हतं. ब्रश काठाकडे सरकू लागला.

"एक मिनट, मैडम." मॅनेजर कंबरेत वाकला. "पहले ये देख लें कि थाली इन्हीं की है कि नहीं. ये मराठी लोग तो चम्मच पे भी नाम खुदवाते हैं. मैं जानता हूँ, मेरे पड़ोस में रहते हैं." आणि काठ पुसायला त्यानं अंगठा पुढे केला.

सरलाबाईंना विचार करायला वेळच मिळाला नाही. त्यांनी झडप घातली, ताट उचललं आणि होती नव्हती ती सगळी धूळ आपल्या पदरात उपडी केली. रिकामं ताट त्यांनी छातीशी दाबून धरलं, नावाची बाजू आत.

"हे काय केलं काकू!" अपर्णा किंचाळली.

"धूळ पाहिजे ना तुमाले? घ्या धूळ. ताट माहं आहे. माह्या ताटाले परक्या मानसाचा हात नाही लागू देत मी."

"देखा मैडम? देखा आपने?" मॅनेजर आता हसत नव्हता, पण खूश होता. "अब ये सैंपल है कि कपड़े का मैल है? चलिए, चौक पर लोग राह देख रहे हैं."

सरलाबाईंना कळत होतं आपण काय घालवलं ते. गोदावरीकडे पाहायचा धीर होईना. साऱ्या गल्लीची मेहनत पदरात घेऊन त्या उभ्या होत्या, आणि का ते कुणाला सांगता येत नव्हतं.

मॅडम उठल्या. त्यांनी म्हातारीचा काळा झालेला पंजा हातात घेतला आणि उजेडाकडे वळवला. हाताच्या रेषांत बारीक कण चकाकत होते. मग त्यांनी पिशवीतून छोटं लोहचुंबक काढलं आणि पदराच्या खालून हळूच फिरवलं. वरची धूळ मुंग्यांसारखी सरकली आणि चुंबकामागे चालू लागली.

"राख ऐसे चलती नहीं," त्या म्हणाल्या.

"कपड़े पर का सबूत काग़ज़ पे नहीं चढ़ता, मैडम."

"मैंने कहाँ कहा चढ़ाऊँगी? सबूत तो मशीन देगी. मुझे बस जगह तय करनी थी." त्या कठड्याशी गेल्या आणि गल्लीच्या टोकाकडे बोट केलं. "वो आखिरी छत, दीवार से लगी हुई. वो किसकी है?"

सरलाबाईंच्या हातातलं ताट एकदम जड झालं.

"माह्या छतावर ठेवा ना, मॅडम! इथं ठेवा! लाईट पन आहे."

"आपके सामने तीन मंज़िला मकान है, अम्मा. हवा रुकती है."

मॅनेजरनं त्या छताकडे पाहिलं आणि ओळखीचं हसू त्याच्या चेहऱ्यावर परत आलं. "अरे, वो? वो तो अपने गौतम का घर है. चलिए, उसी से पूछ लेते हैं. बिना मर्ज़ी के तो आप रखेंगी नहीं."

सगळे खाली उतरून गल्लीच्या टोकाला आले. आरडाओरडा ऐकून गौतम उठला होता आणि बनियनवरच दारात येऊन उभा होता. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले. माया त्याच्या मागे चौकट धरून. त्यानं मॅनेजरकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, मग सरलाबाईंच्या काळ्या पदराकडे, आणि मग त्यांच्या छातीशी धरलेल्या ताटाकडे. पाठीमागून पाहूनही माणूस आपल्या घरचं भांडं ओळखतो. त्यानं हळूच मान वळवून बायकोकडे पाहिलं. मायानं नजर खाली केली.

"गौतम," मॅनेजरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी घरच्यासारखा. "मैडम तेरी छत पे मशीन रखना चाहती हैं. भारी मशीन है. पर तेरी छत तो कच्ची है ना? बोल दे मैडम को. कुछ टूट-फूट हो गई तो कौन देखेगा?"

किती सोपं करून दिलं होतं त्यानं. फक्त मान हलवायची होती. सरलाबाई मनातल्या मनात म्हणाल्या, हलव बाबा मान, हलव. म्हण कच्ची आहे. आमचं काय व्हायचं ते होईल.

पण त्यांना तो स्लॅब पडल्याचा दिवस आठवत होता. मिस्त्री पैशावरून अडून बसला तेव्हा गौतमनं स्वतः सळ्या बांधल्या होत्या, आणि साऱ्या गल्लीनं घमेल्यांची रांग लावली होती. सरलाबाईंनी स्वतः त्यातली घमेली पुढे सरकवली होती. नंतर तो ड्यूटीवरून आला की आधी स्लॅबला पाणी घालायचा आणि मग स्वतः पाणी प्यायचा. पोरांना वर पळू द्यायचा नाही. आई गेल्यावर त्यानं आयुष्यात उभं केलेलं तेवढंच होतं. त्या झोपडीवजा घराला छत त्यानं दिलं होतं.

गौतमनं मान वर करून आपल्या छताच्या कडेकडे पाहिलं. पटरीवरून मालगाडीचे डबे एकेक करून जात होते.

"कच्ची नहीं है, साहब," तो म्हणाला.

"क्या?"

"छत कच्ची नहीं है. मैंने खुद डाली है."

"सोच के बोल, गौतम."

"सोच के ही बोल रहा हूँ. हाथी चढ़ा दो, नहीं हिलेगी." मग मॅडमकडे वळून, "कुठी सही करू?"

मॅनेजरनं त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. तो फोन कानाला लावत गाडीकडे निघून गेला.

यंत्र गौतमनंच वर नेलं. पत्र्याच्या पेटाऱ्यासारखं होतं, वर टोपी, आत पांढरा कागद. सुरू केल्यावर पीठगिरणीसारखं घुमायला लागलं. मॅडमनी समजावून सांगितलं, की ह्याला कुणी हात लावायचा नाही, पाणी उडू द्यायचं नाही, कुणीतरी सतत लक्ष ठेवायचं.

"पन मॅडम," अपर्णा म्हणाली, "हे इथं आहे म्हटल्यावर आज ते धूळ धरायचं यंत्र बंदच नाही करनार. तुमचा कागद पांढराच राहील."

"तो चलाने दीजिए," मॅडम म्हणाल्या. "आपको यही चाहिए था ना? मशीन यहीं रहेगी. एक दिन नहीं, जब तक मैं कहूँ. जिस रात वो बंद करेंगे, काग़ज़ बोलेगा." त्या गौतमकडे वळल्या. "बस आप ना मत कहना. आपने ना कहा तो मुझे उठाना पड़ेगा."

म्हणजे गौतमचा होकार एका सहीत संपला नव्हता. तो त्याला रोज द्यावा लागणार होता. हे सरलाबाईंना कळलं, मायाला कळलं, आणि गौतमलाही कळलं. त्यानं फक्त मान हलवली.

मॅडमची गाडी गेल्यावर राखण कोण करणार ह्यावरून छतावर बोलाचाली सुरू झाली.

"मी बसते," गोदावरी म्हणाली.

"तुले जिना चढता येत नाही, तू काय बसतं?"

"चढली ना आता? आता उतरतच नाही. चटई आना कोनी तरी."

बायका हसल्या. चटया आल्या, चहाची किटली आली, रीना घरून स्वेटर घेऊन आली. सरलाबाई मात्र जिन्याच्या तोंडाशीच उभ्या राहिल्या. गौतम वायर विटेखाली दाबत होता. त्यांनी ताट त्याच्यापुढे धरलं.

त्यानं ते घेतलं, नावावरून अंगठा फिरवला. "काकू, मले विचारलं असतं तर?"

"तू नाही म्हटलं असतं."

"हव. नाहीच म्हटलं असतं." तो उठला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं. "पन विचारायचं होतं. आई असती तर तिनं विचारलं असतं."

तो खाली गेला.

दिवस कलला तसा तो ड्यूटीचे कपडे घालून निघाला. मायानं डबा भरून दिला. दोघं एकमेकांशी काय बोलले ते वर ऐकू आलं नाही. छतावरून बायकांना तो भिंतीच्या कडेकडेनं गेटपर्यंत जाताना दिसत होता. किटलीतला चहा तसाच निवत होता. गेटवर तो थांबला. वॉचमननं काहीतरी सांगितलं, आत फोन लावला, पुन्हा काहीतरी सांगितलं. पाळीची माणसं एकेक करून गेटातल्या छोट्या दारातून, दिंडीतून, आत शिरत होती. गौतम उभाच होता. मग गेटचा दिवा लागला, दिंडी बंद झाली, आणि तो बाहेरच राहिला.

"घेतलं नाही," माया म्हणाली. तिचा हात सरलाबाईंच्या मनगटावर कधी आवळला गेला ते दोघींनाही कळलं नाही.

चिमणीतून धूर वर चालला होता, पांढरा आणि विरळ. ह्या वेळेला तो रोज काळा व्हायचा.

गौतम परत आला तो सरळ वरच चढला. बायकांनी सरकून जागा केली. तो यंत्राजवळ भिंतीला टेकून बसला, बूट काढले.

"काय म्हनला वॉचमन?" अपर्णानं विचारलं.

"साहेबानं सांगतलं म्हने, पहिले मशीन उतरव, मंग आत ये."

यंत्र घुमत होतं. सरलाबाई एक पाऊल पुढे आल्या. "गौतम, बाळा, उतरवतो म्हन. कोनी तुले बोल नाही लावनार. मी सगळ्यायले सांगतो."

"तुम्ही आता काही नका सांगू, काकू." तो थकल्यासारखा हसला. "तुम्ही सांगतलं की साऱ्या गल्लीची ताटं घासली जातात."

गोदावरी हसायला लागली आणि हसता हसता खोकली, आणि खोकता खोकता पुन्हा हसली. मायानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"उद्या पुन्हा गेटवर जातो," गौतम म्हणाला. "परवा बी जातो. किती दिवस बाहेर ठेवते पाहू. भट्टीवर मानूस लागतेच." हे तो स्वतःलाच सांगत होता की बायकोला, कळायला मार्ग नव्हता. नाही घेतलं तर काय, हे कुणी विचारलं नाही.

त्यानं डबा उघडला. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, लसणाची चटणी. भाकर मोडून त्यानं एक तुकडा सरलाबाईंपुढे धरला.

त्यांचे हात अजून काळेच होते. दिवसभर धुवायचं सुचलं नव्हतं. "थांब, हात धुवून येतो," त्या म्हणाल्या.

"राहू द्या," तो म्हणाला. "खा."

त्यांनी पदर सावरला, त्याच्या शेजारी चटईवर बसल्या आणि तुकडा घेतला.